आपला गुडघा : रचना, गती आणि एक गैरसमज



वसंतातल्या व्याख्यानाला येणारा वक्ता सहसा मोठा विषय घेऊन येतो. राष्ट्र, समाज, संस्कृती, झालेच तर विश्वाची उत्पत्ती. मी मात्र आज अवघ्या वीतभर जागेत मावणारा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. या विषयाचे दोन-दोन नमुने आपण प्रत्येकाने बरोबर आणले आहेत आणि या क्षणी ते सतरंजीवर दुमडून ठेवले आहेत. मी गुडघ्याविषयी बोलणार आहे.

आपल्या भाषेने गुडघ्याला फारसे चांगले वागवलेले नाही. लग्नाला उतावळा झालेला मनुष्य गुडघ्याला बाशिंग बांधतो, हरलेला मनुष्य गुडघे टेकतो, आणि ज्याला काही कळत नाही त्याची अक्कल गुडघ्यात असते. त्याला कुणी ढोपर म्हणतात, विदर्भात टोंगळा म्हणतात. पण नाव कोणतेही असो, त्याची आठवण होते ती तो दुखू लागला म्हणजेच.

अक्कल गुडघ्यात असण्याच्या गोष्टीला शास्त्राने एक गमतीचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९७३ साली इथिओपियात हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना एका प्राचीन प्राण्याच्या गुडघ्याची हाडे सापडली. ती सुमारे चौतीस लाख वर्षांपूर्वीची आहेत. मांडीचे हाड आतल्या बाजूला तिरके उतरून गुडघा शरीराच्या भाराखाली आणते, ही माणसाच्या गुडघ्याची खूण त्या हाडांत स्पष्ट होती. याचा अर्थ तो प्राणी दोन पायांवर ताठ चालत होता. त्याच्या जातभाईंची कवटी पाहिली तर मेंदू मात्र वानराच्या मेंदूएवढाच होता. तेव्हा आधी गुडघा सरळ झाला, अक्कल मागाहून आली! गुडघ्याचा हा वडीलपणा आपण मान्य केलेला बरा.

हा विषय भुकूमला बोलण्यासाठी निवडला, त्यालाही कारण आहे. मुळशीचा हा सारा भाग गुडघ्यांवर जगलेला आहे. उन्हाळ्यात राब भाजायचे, पावसाच्या तोंडाशी रोपे टाकायची, आणि आषाढात नडगीभर चिखलात उभे राहून लावणी करायची. मग बेणणी, मग कापणी, मग भाऱ्याखाली वाकून बांधाबांधाने घराची वाट. रामनदीच्या उगमाकडची खाचरे ज्यांनी कसली त्यांच्या गुडघ्यांनी केलेल्या कामाचा हिशोब कुठल्याही दप्तरात नाही. तालमीत बैठका मारणारी पोरे ही इथली दुसरी परंपरा. शेजारच्या भूगावी २०१७ साली महाराष्ट्र केसरीचे मैदान झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आणि आता पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत राहायला आलेल्या मंडळींचे गुडघे चिखलातून सुटले. पण ते खुर्चीत आणि मोटारीत अडकले.

याच बाजूच्या एका आजींची गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घर करून आहे. पन्नास पावसाळे त्यांनी भातलावणी केली. पुढे गुडघे दुखू लागले. कुणीतरी छायाचित्र काढून त्यांना सांगितले, “गुडघ्यातले ग्रीस संपले, मध्ये गॅप पडली.” आजींनी त्याचा सरळ अर्थ घेतला. मला म्हणाल्या, “वंगान संपल्याव गाडी चालवत न्हाईत बाबा. र्‍हायलीया तेवढी जपून वापरायची.” आणि त्यांनी चालणे सोडले. दीड वर्ष त्या ओसरीवर खुर्चीत बसून होत्या. मांड्या काठीसारख्या बारीक झाल्या, आणि गुडघे पहिल्यापेक्षा अधिक दुखू लागले.

‘वंगण संपले’ हे वाक्य आज महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. ते खरे की खोटे, हे ठरवायचे तर गुडघा आतून पाहायला हवा. तेच आज आपण करू.

दोन नारळ आणि एक पाट

गुडघ्यात तीन हाडे भेटतात. वरून मांडीचे हाड येते. शरीरातील हे सर्वांत लांब हाड. त्याच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. खालून नडगीचे हाड येते. त्याचा माथा जवळजवळ सपाट असतो. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड शेजारी असते खरे, पण ते या भेटीत भाग घेत नाही. तिसरे हाड म्हणजे समोरची वाटी.

आता खुब्याचा सांधा आठवा. तिथे हाडाचा गोळा खोल उखळात बसलेला असतो, सहसा सुटत नाही. गुडघ्यात असे उखळ नाही, खोबण नाही. एका पाटावर दोन नारळ ठेवावेत आणि त्यांच्यावर माणूस उभा करावा, तशी ही रचना आहे. केवळ हाडांचा विचार केला तर हा सांधा पहिल्याच पावलाला निखळला पाहिजे. तो निखळत नाही, याचे श्रेय हाडांना नाही. ते भोवतालच्या बंधांना, गाद्यांना आणि विशेषेकरून स्नायूंना आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आपल्याला तिचा फार उपयोग होणार आहे.

वाटीचे काम काय? मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक बळकट जुडगा आहे. त्याची दोरी गुडघ्यावरून खाली उतरून नडगीच्या पुढच्या उंचवट्याला बांधलेली असते. वाटी या दोरीतच गुंफलेली आहे. विहिरीच्या कप्पीमुळे दोर काठाला घासत नाही आणि ओढणे सोपे जाते, तसेच वाटीमुळे मांडीच्या दोरीला टेकू मिळतो व तिची ओढ वाढते. रांगत्या मुलाच्या गुडघ्यात ही वाटी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते. तिच्यात खरे हाड तयार होऊ लागते ते साधारण तिसऱ्या वर्षापासून पुढे. फुटलेली वाटी सरळ काढून टाकावी, तिच्यावाचून काही अडत नाही, असे १९३७ साली इंग्लंडात ब्रूक नावाच्या शस्त्रवैद्याने प्रतिपादिले आणि पुष्कळांनी ते मानले. पुढे मोजमापे झाली तेव्हा दिसले की वाटी गेलेल्या पायाची सरळ होण्याची ताकद बरीच घटते. कप्पी काढून टाकली तरी पाणी निघते. पण ओढणाऱ्याचे हात भरून येतात.

बिजागरी नव्हे

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत बोटे, मनगट, घोटा आणि कोपर यांच्या जोडीने गुडघा ‘कोर’ या प्रकारात घातला आहे. कोर म्हणजे बिजागरीसारखा उघडझाप करणारा सांधा, असा अर्थ सामान्यतः लावतात. वरवर पाहता हे बरोबरच आहे. गुडघा दुमडतो आणि उलगडतो. दार उघडते आणि मिटते. पण दाराच्या बिजागरीत एकच खीळ असते आणि दार आयुष्यभर तिच्याभोवतीच फिरते. गुडघ्यात अशी ठाम खीळ नाही.

१८३६ साली जर्मनीत गटिंगेन येथे विल्हेल्म आणि एदुआर्द वेबर या बंधूंनी माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक ग्रंथ लिहिला. गुडघा वाकताना मांडीचे हाड नडगीवर एकाच वेळी गडगडते आणि घसरते, ही गोष्ट त्यांनी मांडली. मोटारीचे चाक रस्त्यावर गडगडते तेव्हा ते पुढे सरकते. तेच चाक चिखलात रुतले की जागच्या जागी फिरते, म्हणजे घसरते. मांडीच्या हाडाचे गोल उंचवटे नुसते गडगडले असते तर थोडा पाय वाकताच ते नडगीच्या माथ्यावरून मागे पडले असते, कारण गोलाची वाकडी लांबी माथ्याच्या सरळ लांबीच्या सुमारे दुप्पट आहे. म्हणून निसर्गाने अशी योजना केली की आरंभी गडगडावे, आणि पुढे जागच्या जागी घसरावे.

ही गडगड आणि घसरण ताब्यात ठेवणारे दोन बंध सांध्याच्या ऐन पोटात आहेत. ते एकमेकांना छेदून फुलीसारखे जातात. आपण त्यांना फुलीचे बंध म्हणू. पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही, मागचा तिला मागे जाऊ देत नाही. तरुण माणसाचा पुढचा बंध तोडायला दोनशे किलोंच्या वजनाहून अधिक ताण लागतो, इतका तो चिवट आहे. मग कबड्डीच्या मैदानावर आणि आखाड्यात तो तुटतो कसा? पाऊल मातीत रोवलेले असते, गुडघा किंचित वाकलेला असतो, आणि धड अकस्मात वळते. पीळ सारा त्या बंधावर येतो. ‘टप्’ असा आवाज होतो, आणि थोड्याच तासांत गुडघा रक्ताने टम्म फुगतो. अशा वेळी नुसता लेप लावून पोराला पुन्हा मैदानात उतरवू नये.

शिवाय गुडघ्याच्या दोन बाजू सारख्या चालत नाहीत. जिवंत माणसाच्या गुडघ्याची चुंबकीय छायाचित्रे घेता येऊ लागल्यावर, विशेषतः २००० सालाच्या सुमारास, असे स्पष्ट दिसले की गुडघा वाकताना आतल्या अंगाचा उंचवटा जवळपास जागेवर राहतो आणि बाहेरचा त्याच्याभोवती मागे सरकतो. जात्यात मधला खुंटा स्थिर असतो आणि वरचा दगड त्याच्याभोवती फिरतो, तसे हे आहे. फरक इतकाच की गुडघ्याचा खुंटा मधोमध नसून आतल्या बाजूला आहे. आपण उकिडवे बसतो तेव्हा बाहेरचा उंचवटा नडगीच्या माथ्याच्या अगदी मागच्या कडेवर जाऊन पोहोचतो. इतक्या कडेवर जाऊनही तो सुखरूप परत येतो!

हे सारे पुस्तकी वाटेल. पण गुडघ्याला बिजागरी समजण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९५० नंतरच्या काळात स्वीडनमध्ये वाल्डियस यांनी आणि इंग्लंडात शियर्स यांनी खिळीच्या बिजागरीचे कृत्रिम गुडघे बसवले. दुखणे थांबे, पण पायाला पडणारा प्रत्येक पीळ त्या एका खिळीतून हाडांत उतरे आणि काही वर्षांत बिजागरी हाडातून सैल होई. १९६८ च्या सुमारास गन्स्टन या कॅनेडियन शस्त्रवैद्याने खीळ काढून टाकली, आणि गडगडण्या-घसरण्याला वाव देणारा गुडघा बनवला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच विचारावर उभे आहेत.

कुलूप आणि किल्ली

आपण शाळेत असताना एक खोडी केली असेल. रांगेत उभ्या असलेल्या मित्राच्या मागून जायचे आणि त्याच्या गुडघ्यामागच्या लवणीत आपला गुडघा हलकेच मारायचा. मित्र धाडकन खाली! धक्का तर अगदी हलका असतो. मग एवढा मोठा देह कोसळतो कसा?

पाय पूर्ण सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात मांडी आणि नडगी एकमेकींवर किंचित पिळतात. हा पीळ दहा-पंधरा अंशांचाच असतो, पण त्याने सारे बंध ताणले जातात आणि सांध्याला जणू कुलूप लागते. त्यामुळे आपण तास-तास उभे राहिलो तरी मांडीच्या मोठ्या स्नायूंना फारसे काम पडत नाही. ते विसावा घेतात. गुडघ्यामागच्या लवणीत एक छोटासा तिरकस स्नायू आहे, तो या कुलपाची किल्ली. बसायचे मनात आले की तो आधी पीळ सोडवतो आणि मग गुडघा वाकतो. खोडकर पोर बाहेरून कुलूप तोडते आणि मांडीचे स्नायू डुलकीत सापडतात. ते जागे होईपर्यंत मित्र जमिनीवर आलेला असतो.

या खोडीत एक धडा आहे. गुडघा उभा राहतो तो स्नायूंच्या जागेपणावर. ज्याच्या मांडीचे स्नायू बारीक झाले आहेत त्याला जिना उतरताना गुडघा ‘सुटल्यासारखा’ वाटतो. त्याचे कारण पुष्कळदा सांध्यात नसते, मांडीत असते.

निरुपयोगी ठरवलेल्या गाद्या

दोन नारळ पाटावर ठेवल्यावर ते डुगडुगू नयेत म्हणून आपण काय करू? खाली कापडाची चुंबळ ठेवू. निसर्गाने तेच केले आहे. नडगीच्या माथ्यावर चिवट कूर्चेच्या दोन गाद्या आहेत. आतली चंद्रकोरीसारखी, बाहेरची जवळजवळ पूर्ण कड्यासारखी. कडेला त्या जाड, मध्ये पातळ. पाय सरळ असताना अंगाचा सुमारे निम्मा भार या गाद्या पेलतात, आणि गुडघा काटकोनात वाकला की त्याहून बराच अधिक.

या गाद्यांचा इतिहास वाचला की मनुष्याच्या घमेंडीची गंमत वाटते. १८८३ साली एडिंबरो येथे थॉमस अॅनांडेल यांनी एका रुग्णाची सुटलेली गादी टाके घालून पुन्हा जागेवर बसवली. पण १८९७ साली ब्लँड-सटन या नामवंत शस्त्रवैद्याने लिहिले की या गाद्या म्हणजे पायाच्या कुठल्या तरी लुप्त स्नायूचे निरुपयोगी अवशेष आहेत. मोठ्या माणसाचे वाक्य! पुढे अर्धे शतक फाटलेली गादी समूळ काढून टाकण्याचा परिपाठ पडला. १९४८ साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे पाहिली आणि त्या बाजूची हाडे चपटू लागलेली, फट अरुंद झालेली त्यांना दिसली. गादी गेली की भार थोड्या जागेत गोळा होतो आणि दाब दुपटीहून अधिक होतो. आज फाटलेली गादी शक्य तितकी राखतात. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोहोचते, म्हणून तिथली चीर शिवली तर सांधते. आतल्या कडेला रक्त नाही, तिथली सहसा सांधत नाही.

शरीरातील एखाद्या भागाचा उपयोग आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. एवढे शिकायला शस्त्रवैद्यांना पन्नास वर्षे लागली आणि त्याची फी असंख्य गुडघ्यांनी भरली.

वंगण

आता आजींच्या ग्रीसकडे येऊ.

हाडांची टोके उघडी नसतात. त्यांच्यावर गुळगुळीत, निळसर पांढऱ्या कूर्चेचा थर असतो. तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. वाटीच्या मागे त्याहून जाड, सबंध शरीरात सर्वांत जाड. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्या आतल्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव पाझरतो. निरोगी गुडघ्यात तो एक चहाचा चमचाभरसुद्धा नसतो. पण तेवढ्यावर बर्फावर बर्फ घसरावा त्याहून सहज ही टोके एकमेकांवरून सरकतात. वंगणाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. आसाला तेल घातले की चाक नीट फिरते, तसे श्लेष्म्यामुळे सांधे नीट चालतात, असा दृष्टान्त सुश्रुताने दिलेला आहे.

दृष्टान्त सुंदर आहे, पण आपण तो फार ताणला. गाडीचे वंगण बाहेरून घालावे लागते आणि वापराने ते संपते. गुडघ्याचे वंगण त्या पिशवीचे अस्तर रोज तयार करते आणि रोज शोषूनही घेते. ते डब्यातल्या तेलासारखे संपत नाही. उलट दुखऱ्या गुडघ्यात ते पुष्कळदा वाढते. त्यालाच आपण ‘गुडघ्यात पाणी झाले’ म्हणतो. जुन्या वैद्यकात कोल्ह्याच्या डोक्यासारख्या सुजलेल्या गुडघ्याला क्रोष्टुकशीर्ष असे नाव आहे. ज्याने ते नाव ठेवले त्याने रोगी नीट पाहिलेला होता. अशा वेळी द्रव पातळ होतो, त्याचा बुळबुळीतपणा उतरतो, हे खरे. पण संपले असे काही नसते.

आणि ‘गॅप’? छायाचित्रात दोन हाडांमध्ये जी मोकळी फट दिसते ती मोकळी नसतेच. तिथे कूर्चा असते. क्ष-किरणांना ती दिसत नाही, एवढेच. कूर्चा झिजली की फट वाढत नाही, कमी होते. म्हणजे ‘गॅप पडली’ हे वाक्य नेमके उलटे आहे. चालताना भाराचा मोठा वाटा आतल्या अंगावर येतो, म्हणून झीज सहसा तिथे आधी होते आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कूर्चेत रक्त पोहोचत नाही, मग ती जगते कशावर? ती या द्रवावरच जगते. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की तो पाणी पितो. पाऊल टेकले की कूर्चा दबते, उचलले की ती द्रव ओढून घेते. त्यातून तिला अन्न मिळते. पाय आठवडेच्या आठवडे प्लॅस्टरमध्ये जखडला तर कूर्चा पातळ व मऊ होते, हे पाहिले गेले आहे. अर्थात चालणे हा गुडघ्याचा निव्वळ खर्च नव्हे, ते त्याचे जेवणही आहे. आजींनी गुडघे जपण्यासाठी चालणे बंद केले; म्हणजे जपण्यासाठी त्यांनी गुडघ्यांना उपाशी ठेवले.

थोडा हिशोब पाहा. साध्या चालण्यात प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. दिवसाला पाच हजार पावले चालणाऱ्याचा प्रत्येक पाय वर्षाला नऊ लाखांहून अधिक वेळा टेकतो. साठ वर्षांत सुमारे साडेपाच कोटी वेळा. माणसाने घडवलेले कोणते बिजागर दीडशे किलोंचा ठोका साडेपाच कोटी वेळा खाऊन शाबूत राहील? गुडघा राहतो, कारण तो नुसता झिजत नाही, तो जगतोही.

जमिनीवर बसणारी माणसे

चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी पुरते. जिन्याला आणि खुर्चीला नव्वदच्या आसपास लागतात. पण उकिडवे बसायला एकशे तीसहून अधिक, आणि टाच ढुंगणाला टेकायची तर दीडशेच्याही वर. पंगतीची मांडी, चुलीपुढचे बसणे, देवापुढचा नमस्कार, शेतातली बेणणी, ही सारी आपली कामे या शेवटच्या साठ-सत्तर अंशांत आहेत. १८९३ साली लाहोरात हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी लोकांची हाडे तपासली तेव्हा उकिडवे बसण्याच्या सवयीच्या खुणा त्यांना पायाच्या हाडांवर उमटलेल्या आढळल्या. आपले बसणे हाडांत लिहिले जाते!

म्हणून ताठ झालेला गुडघा हे खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा जमिनीवर बसणाऱ्याला अधिक मोठे संकट असते. जपानी लोकही आपल्यासारखेच जमिनीवर बसणारे. १९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका शवाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयाने गुडघे ताठरलेल्या माणसांना बसता येत नाही, तो रोग लवकर ओळखावा, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्याच शिष्यपरंपरेतील मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून पाहत फाटक्या गादीचा तुकडा काढला. आज जगभर होणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया अशी जमिनीवर बसणाऱ्यांच्या गरजेतून निघाली आहे. आपल्या पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय लोकांची शरीरठेवण आणि बसण्याची रीत ध्यानात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा घडवला, तोही याच विचाराने. २०१७ साली केंद्र सरकारने अशा गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्याने शस्त्रक्रिया अनेकांच्या आवाक्यात आली. जिथे कूर्चा पार गेली आहे, रात्रीची झोप गेली आहे, तिथे ही शस्त्रक्रिया वरदान आहे. पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

मात्र जमिनीवरच्या बसण्याचा मी आंधळा कैवारी नाही. बीजिंगमधील वृद्धांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी जे रोज तासन्‌तास उकिडवे बसत त्यांच्यात म्हातारपणी गुडघ्याची झीज अधिक आढळली. तेव्हा बसावे जरूर, पण उठावेही. खाचरात अखंड चार तास वाकून राहण्यापेक्षा अर्ध्या तासाने बांधावर येऊन पाय सरळ करणारी बाई आळशी नव्हे, शहाणी आहे. मुकादमाने आणि सासूबाईंनीही हे ध्यानात घ्यावे.

मग करावे काय?

मांडीचे स्नायू जागे ठेवावेत. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, मनात दहा अंक मोजेपर्यंत धरावा, मग दुसरा. दोन्ही वेळच्या जेवणाआधी दहा-दहा वेळा. याला पैसा लागत नाही. रोज सपाटीवर चालावे. चालताना थोडे दुखले म्हणजे सांधा मोडत आहे असे नव्हे, दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर चालणे थोडे कमी करावे. वजन जास्त असेल तर उतरवावे. अमेरिकेत २००५ साली झालेल्या मोजमापात असे दिसले की अंगातला एक किलो गेला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. हा व्यवहार कुठल्याही सावकाराला परवडणारा नाही! गड उतरताना घाई करू नये. चढणे छातीला जड, उतरणे गुडघ्याला. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. नुसती कटकट वाजते आणि दुखत नाही, तर तिच्याकडे लक्ष देऊ नये.

पण गुडघा तापून लाल झाला आणि अंगात ज्वर आहे, गुडघा वाकलेल्या जागीच अडकून बसला आहे, किंवा मार लागल्यावर पाय टेकवत नाही, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. तडक डॉक्टरांकडे जावे.

त्या आजींचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ‘वंगण संपत नाही’ हे त्यांना पटायला बराच वेळ लागला. नातवाने खुर्चीत बसून व्यायाम करून दाखवला, मग त्या हसत हसत करू लागल्या. पहिला महिना कुरकुरीत गेला. चार महिन्यांनी त्या काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागल्या. त्यांची झीज भरून आलेली नाही, पाय अजूनही वाकडे आहेत, आणि लावणीला त्या आता उतरत नाहीत. बांधावर पाटावर बसून रोपांच्या मुठी बांधून देतात. गुडघे दुखतात का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, “दुखत्यात. पर आता म्या त्यांला उपाशी नाय ठेवत.”

माझे सारे व्याख्यान त्यांनी एका वाक्यात सांगितले.  आता मात्र उठा, आणि घरी पायी जा.